सारंगीचा पाय

एका गावात एक घोड्यांचा वैद्य राहत होता. नाव तुळाजी. लंगडे, लचकलेले घोडे तो बरे करायचा आणि ती विद्या शिष्यांनाही शिकवायचा. शेवटची परीक्षा म्हणून शिष्याच्या हाती एक दुखावलेला घोडा सोपवायचा आणि स्वतः बाजूला बसायचा.

हैबती नावाच्या शिष्याच्या वाट्याला नेमकी राजाची लाडकी घोडी आली, सारंगी. होळीच्या सुमारास शिकारीत तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली होती. हैबतीचं नाव एवढं दणदणीत, पण माणूस भित्रा. घोड्यांशी मात्र त्याचं छान जमे.

तो सारंगीला रोज नदीच्या गुडघाभर पाण्यात चालवू लागला. आधी शंभर पावलं, मग दोनशे. वैशाखात तिचं लंगडणं थांबलं. बातमी राजाच्या कानी गेली आणि स्वारी खोगीर घेऊनच हजर झाली.

"चढवा खोगीर. आजच दौडवतो हिला!" राजा म्हणाला.

इथेच भलेभले चुकतात. लंगडणं थांबलं की घोडा बरा झाला, असं त्यांना वाटतं. आतून शीर कच्चीच असते. एका दौडीत घोडा जन्माचा अधू होतो.

हैबती घाबरला होता. तरी त्याने लगाम सोडला नाही. "महाराज, दसऱ्यापर्यंत नाही."

"घोडी कोणाची आहे?"

"तुमची. पण दुखणारा पाय तिचा आहे."

राजाने रागाने तुळाजीकडे पाहिलं. तुळाजी शांतपणे म्हणाला, "उपचार त्याच्याकडे आहेत. त्यालाच विचारा."

"ठीक!" राजा गरजला. "दसऱ्याच्या शर्यतीत ही पहिली आली नाही, तर याने पुन्हा घोड्याला हात लावायचा नाही."

हैबती दुसऱ्या दिवशी सारंगीला घेऊन पुन्हा पाण्यात उतरला. पाण्यातून वाळूत, वाळूतून चढावर, चढावरून माळावर. घाई म्हणून केली नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं आणि घोडे सुटले. राजा स्वतः सारंगीवर होता. अर्ध्या वाटेत तिने सगळ्यांना मागे टाकलं आणि वेशीपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. गावाने एकच जल्लोष केला. लोक हार घेऊन धावले.

हैबती आडवा आला. "हार नंतर, महाराज! आधी उतरा आणि तिला पायी फिरवा. एकदम थांबवलंत तर पाय आखडेल."

राजा खाली उतरला. त्याने लगाम हाती घेतला आणि हसून विचारलं,

"किती फेऱ्या, वैद्यबुवा?"

तात्पर्य: ज्याचं दुखणं आपल्या हाती सोपवलं आहे, त्याचं आधी ऐकावं, हुकूम सोडणाऱ्याचं नंतर.