भानाईची मूठ

भाजवडीच्या जाखमातेच्या देवळामागे एक लांब चर आहे. जत्रेला त्यात निखारे पसरून बकरं भाजतात. चराच्या टोकाशी काळी शिळा आहे आणि तिच्यावर मूठभर मीठ मावेल एवढा खळगा. पाहुणे हमखास त्यात बोट घालून बघतात. सोनबा गुरव त्यांना आधी बोट काढायला लावतात आणि मग सांगायला बसतात.

फार मागे, वरच्या धुपारगडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता म्हणे. माणूस शूर, पण जिभेचा गुलाम आणि मनाचा कोता. पायथ्याची भानाई भाजल्या मटणाला लावायचं आंबट वाटण करी. चिंचेचा कोळ, गूळ, मिरी, भाजलेला लसूण. जत्रेला आलेला भिकारीही ते खाऊन बोटं चाटत बसे, आणि हेच हैबतरावाला खुपलं. आपल्या ताटातली चव भिकाऱ्याच्या पानावर कशी?

कृती विचारायला गडावरून माणसं आली, तर भानाई म्हणाली, "हाताला ठावं हाय. मला न्हाई."

मग त्याने गडाचा कारकून नारोपंत याला पाठवलं. पंत भला माणूस, पण देवापेक्षा अक्षरावर त्याचा जास्त भरवसा. तो म्हणाला, "भानाई, तू आज आहेस, उद्या नाहीस. कागदावर उतरलं की त्याला मरण नाही." त्याला ते मनापासून खरं वाटत होतं, म्हणून तिलाही वाटलं.

गडावर हैबतरावासमोर ती एकेक जिन्नस सांगत गेली, पंत लिहीत गेला. शेवटी मीठ आलं. तिने भांड्यात हात घातला आणि मूठ वर धरली. "हे एवढं." पंताने लिहिलं, मूठभर मीठ. शाई वाळायच्या आत हैबतरावाने मान हलवली, शिपायाची तलवार उतरली आणि भानाईचा उजवा हात मनगटापासून तुटून कागदावर पडला. मूठ मिटलेलीच होती.

"आता दुसऱ्या चुलीवर ही चव नाही," हैबतराव म्हणाला, आणि कागदावरचं रक्त टिपायला सांगून उठला.

पंताने जखमेत हळद दाबून तिला खाली आणलं. हात ह्याच शिळेखाली पुरला. शुद्धीवर आल्यावर ती त्याला एवढंच म्हणाली, "पंत, मरान न्हाई म्हनाला व्हता." त्या बोलाने तो पुढे वर्षभर धड जेवला नाही असं सांगतात.

पुढच्या जत्रेला हैबतरावाने शेजारच्या गडांचे सरदार भर दुपारी ह्याच चराशी जेवायला बसवले. आचाऱ्याने कागदाबरहुकूम वाटण केलं. आचारी धिप्पाड, पंजा परातीएवढा. पहिल्याच घासाला सरदार थुंकले. सगळ्यांदेखत यजमानाचं नाक कापलं गेलं. हैबतरावाने आचाऱ्याचं मुंडकं जागीच उडवलं, ते निखाऱ्यांत जाऊन पडलं. मग तलवार पंताच्या गळ्यावर आली.

"लिहिताना काय चुकवलंस?"

"मूठ लिहिली, सरकार. कुणाची ते लिहायचं राहिलं. आणि जिची होती तिची तुम्ही तोडलीत."

"मग तीच आण उकरून!"

पंताने शिळा सरकवली. वर्ष लोटलं तरी हात कुजला नव्हता म्हणे. हैबतराव स्वतः बोटं उघडू लागला, उघडेनात. शेवटी त्याने ती दातांत धरून ओढली. तशी मूठ उघडली. मीठ त्याच्या डोळ्यांत गेलं आणि बोटं त्याच्या नरड्यावर मिटली. आंधळा होऊन धडपडत तो चरात कोसळला. तो आरडत होता, जळत होता. शिपाई होते, सरदार होते, अख्खं गाव होतं. हात द्यायला एकजण पुढे झाला नाही.

पंताने तो कागद त्याच निखाऱ्यांत टाकला. मग भानाईने डाव्या हाताने मीठ उचललं आणि त्या मापाचा खळगा पंताने शिळेवर कोरला. कोरताना तो ढसाढसा रडत होता.

आजही जत्रेचं मीठ त्याच खळग्याने मोजतात. बाया ते डाव्या हाताने भरतात, उजवा हात पाठीमागे धरून. आणि भाजवडीची लेक सासरी जाताना आईची कृती वहीत उतरवून घेते, तेव्हा पहिल्या पानावर आईचा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवते.

"अक्षर मागनं, पाव्हणं," सोनबा म्हणतात. "आदी हात."