नकला करणारी केशर

माणसाने रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. केशर साळुंकीच्या नकला लांडग्यांना इतक्या आवडत, की ते तिला मुद्दाम गुहेत बोलवत. एकदा नक्कल ऐन रंगात असताना म्होरक्या शेजाऱ्याला म्हणाला, "उद्या तळ्यावरच्या हरणांना घेरू."

केशरने ते ऐकलं. आवाज कापला असता, तर जीवच गेला असता. तिने हसवत हसवत नक्कल पुरी केली आणि थेट हरणांना गाठलं.

दुसऱ्या दिवशी लांडगे रिकाम्या पोटी परतले. मन रमवायला त्यांनी पुन्हा केशरलाच बोलावलं.

"नको जाऊस गं पोरी," म्हातारी हरिणी कळवळली.

"गेले नाही तर संशय येईल, काकू. आणि त्यांचा पुढचा बेत कोण ऐकणार?"

त्या दिवशी लांडगे पोट धरधरून हसले.