पटाशीचा नेम

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, ‘मी केलं’ असं म्हणायचं नाही. त्याचीच ही कहाणी.

फार वर्षांपूर्वी नरसू कातारी लेथवर लाकूड फिरवून लाटणी करायचा. जुनी कानस घासून त्याने लाकूड तासायची पटाशी बनवली होती, आणि तिला टेकायला मोडक्या बाजेच्या खुराचा टेकू.

लाटणं गुळगुळीत झालं की पटाशी मिरवायची, “मी केलं! हा मेला टेकू बाजेखाली होता, तसाच इथेही लोळतो.”

“बरं बाई,” म्हणत टेकू हळूच बोटभर सरकला.

फिरत्या लाकडाने पटाशीला असं उडवलं, की ती भुशात तोंडावर पडली. नरसू वैतागला. “पुन्हा उडालीस तर भंगारात टाकीन!”

पटाशी घाबरली. “टेकूदादा, सरक ना जवळ!”

“मी तर लोळतोय.”

“लोळ रे, पण माझ्याखाली लोळ!”

टेकू हसत जवळ आला. लाटणं लोण्यासारखं उतरलं. लाटण्याने विचारलं, “मला कुणी केलं?”

“मी…” पटाशी म्हणाली. टेकू नुसता खाकरला.

“…आणि टेकूदादांनी!”

बायांनो, देव प्रत्येकीजवळ एक खाकरणारा ठेवतोच. त्याचं ऐका, आणि तुम्हीही हा नेम धरा.