मूठ पाहुण्याकडे

फार फार वर्षांमागे एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती, आणि त्यांचं एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. दर दसऱ्याला सीमोल्लंघन व्हायचं ते होड्यांत तलवारी घालूनच.

अलीकडच्या राणीचे दोन भाऊ असेच पलीकडे गेले आणि परत आले नाहीत. यंदा तिच्या एकुलत्या मुलाची पाळी होती. म्हणून तिने राजाच्या मागे धोशा लावला, की एकदा पलीकडच्यांना जेवायला तरी बोलवा.

भर उन्हाळ्यात पलीकडचा म्हातारा राजा आला. दोन्हीकडच्या तलवारी दारातच ठेवल्या गेल्या. आत राहिली ती फक्त फळं कापायची एक सुरी.

जेवणं झाली. शेवटी नदीच्या वाळूत पिकलेलं कलिंगड आलं. पाहुण्याने ते कापायचं, दोघांनी खायचं, की झाला तह. राजाला कोण घाई. त्याने सुरी उचलली आणि तशीच पाहुण्याच्या हातात द्यायला पुढे केली, टोक पाहुण्याच्या छातीकडे.

आता, हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, हे दोन्ही काठांवरची शेंबडी पोरंही जाणत होती. म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडला. त्याच्या माणसांचे हात रिकाम्या कमरेकडे गेले. राणीला वाटलं, गेला माझा मुलगा.

ती पुढे आली. "खाली ठेवा ती," नवऱ्याला म्हणाली. "एवढं राज्य चालवता, अन् सुरी कशी द्यावी ते ठाऊक नाही?"

राजाने निमूटपणे सुरी चौरंगावर ठेवली. राणीने ती एका बोटाने हळूच फिरवली. मूठ पाहुण्याकडे गेली. टोक जिकडे आलं तिथे, नवऱ्याच्या जागी, ती स्वतः बसली.

"आता उचला, महाराज."

म्हाताऱ्याने सुरी उचलली. शत्रूचा हात, राणीचा गळा आणि मध्ये वीतभर लोखंड. दोन राज्यांचं सारं भवितव्य तेवढ्यावर तोललेलं. राणीची पापणीही लवली नाही.

म्हातारा बघतच राहिला. साऱ्या आयुष्यात रणावर त्याने असं धैर्य पाहिलं नव्हतं. मग त्याने कलिंगड कापलं, मधला लालभडक गर काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"खा, सूनबाई," तो म्हणाला, आणि एक फोड स्वतःही तोंडात टाकली.

परत निघताना पायरीच्या दगडावर त्याने सुरीचं टोक स्वतःच्या हाताने घासून गोल केलं. ताटाजवळच्या सुरीला टोक हवं कशाला, एवढंच बोलला.

त्या दसऱ्याला राणीचा मुलगा नदीपार गेला खरा, पण होडीत आपट्याची पानं होती. संध्याकाळी तो परतला, तर खिसे पलीकडच्यांनी दिलेल्या पानांनी भरलेले. तेव्हापासून त्या दोन्ही काठांवर ताटाजवळची सुरी गोल टोकाची असते, आणि कोणी ती हातात देत नाही. खाली ठेवतात, मूठ पाहुण्याकडे करून.

तात्पर्य: समोरच्याने आपल्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर मूठ आधी त्याच्याकडे करावी.