बिननावाचं टपाल

"मग सोळा पत्रं गेली कुठं, अप्पा?"

उल्हासनं लॅपटॉप अप्पांच्या पुढ्यात उघडून ठेवला. पाया पडला नाही, पाणी मागितलं नाही. आल्या आल्या हेच.

गडहिंग्लजच्या पुढं, मठाच्या ओसरीत मी शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो. अप्पा मठात येण्याआधी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. उल्हासला यंत्रांचं सगळं त्यांनीच शिकवलं. त्यातलं निम्मं तो शिकला. उरलेल्या निम्म्याची त्याला गरज वाटली नाही.

"कुठली पत्रं?" अप्पांनी विचारलं.

"अक्काला लिहिलेली. ईमेलनं. अकरा महिन्यांत सोळा."

"बरं."

"एकही पोचलं नाही."

दाजी वारले, तेव्हा हा निपाणीला अक्काकडं गेला नव्हता. ते तीन दिवस तो घराच्या माळ्यावर ईमेलचा स्वतःचा सर्व्हर बसवत होता, आणि कुणी मध्ये येऊ नये म्हणून फोन बंद ठेवला होता. सगळं जग कुठल्या तरी कंपनीच्या डब्यात आपली पत्रं ठेवतं. याला आपलं टपाल आपल्याच घरातून जायला हवं होतं. चहापुरत्या दुधासाठी म्हैस बांधायचा प्रकार. बांधू दे बापडा! पण सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि हा माळ्यावर वायरी जोडत बसला, हे मला आजही पचत नाही.

नंतर तिनं याचा फोन घेणं सोडलं. म्हणून ही माफीची पत्रं.

"पोचलं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. सतरावं पोचलं, तेव्हा."

"सतराव्यात काय होतं?"

उल्हासनं खिशावर हात ठेवला.

"वाच की."

त्यानं फोन काढला. वाचून दाखवलं. "'सोळा वेळा तुझे पाय धरले. तुला दोन ओळींचं उत्तर देववलं नाही. आजपासून मला बहीण नाही.'"

"आणि तिचं उत्तर?"

"'उल्हास, हे गेल्यापासून तुझं पहिलंच पत्र आलं.'"

"पुढं?"

"एवढंच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे सतरावं सर्व्हरवरून नव्हतं पाठवलं," उल्हास म्हणाला. "स्टँडवर उभा होतो. राग आवरेना. फोनवर कंपनीचा फुकटचा डबा होता, त्यातून पाठवलं."

"ज्याला तू नावं ठेवतोस, त्यातून?"

"हो."

"मग आता जाऊन ये की तिच्याकडं."

"काल गेलो होतो. भाची दारात आली. म्हणाली, आई विचारते, ज्यांना बहीण नाही ते इथं कुणाकडं आलेत?"

"मग?"

"दार लावून घेतलं, अप्पा."

"अकरा महिन्यांत गेला नाहीस?"

"पत्राला उत्तर आल्याशिवाय कुठल्या तोंडानं जायचं?"

त्याच्या गावाहून निपाणी एसटीनं तासाभराच्या वाटेवर आहे. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

"पण माझं काय चुकलं ते तरी दाखवा," उल्हास उसळला. "सोळाच्या सोळा 'पाठवलेली'मध्ये आहेत. हे बघा!"

"पाठवलेलीत असायचीच. तू पाठवलीसच की."

"मग पत्र पोचत नाही, तेव्हा परतीचा निरोप येतो, हे तुम्हीच शिकवलंत. मला एकही आला नाही. बाकी मित्रांना माझी पत्रं जातात. मग मी काय समजायचं? तिला मिळतायत आणि ती मुद्दाम..."

"टपाल आत घ्यायचे तुझे नियम दाखव."

एवढ्या दुःखातही त्याचा चेहरा जरा उजळला. माणसाची जित्याची खोड. एक्केचाळीस नियम होते, एकेक त्यानं हातानं लिहिलेला. त्याच्या दारात रद्दीचं एक पत्र यायची टाप नव्हती.

अप्पांचं बोट तिसऱ्या नियमावर थांबलं.

"हा कसला?"

"पाठवणाऱ्याचं नाव कोरं असलं, की ते पत्र थेट नष्ट. स्वतःचं नाव सांगायचं धाडस नाही, त्याला माझ्या दारात जागा नाही."

"छान. आणि परतीच्या निरोपावर पाठवणाऱ्याचं नाव काय असतं?"

उल्हासनं तो नियम पुन्हा वाचला.

"सांग की. मी शिकवलंय नव्हं?"

"कोरं असतं."

"का?"

शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं. "नाव घातलं आणि तो निरोपही पोचला नाही, तर त्याचा परत निरोप येणार. मग त्याचाही परत. कायमचं फिरत राहील. म्हणून कोरं ठेवतात."

"आणि तो निरोप लिहितं कोण?"

"माझाच सर्व्हर."

"म्हणजे?"

"माझाच सर्व्हर मला सांगत होता, अप्पा. सोळा वेळा. आणि मीच..."

"तो नियम काढ."

त्यानं काढला.

"आता तिला लिहिलेलं पहिलं पत्र पुन्हा पाठव. घरच्या सर्व्हरवरून."

पाठवलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे रे बाबा एकदाचं.

मिनिटभरात निरोप आला. वर नाव कोरं. खाली एक ओळ. घरगुती लाइनवरून आलेलं टपाल इथं घेतलं जात नाही.

"तिचा डबा मोठ्या कंपनीचा आहे," अप्पा म्हणाले. "तिथं घरच्या लाइनीला कुणी ओळखत नाही. तुझे मित्र तुझ्यासारखेच, आपापल्या घरात यंत्र घेऊन बसलेले. ते तुला आत घेतात."

उल्हास ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.

"हे पहिल्याच दिवशी वाचलं असतं, तर..." पन्नाशीचा माणूस ओसरीत गुडघ्यांत डोकं घालून रडला. मला त्याचा राग आलेला होता, तो कुठल्या कुठं गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण अप्पा हलले नाहीत म्हणून मीही हललो नाही.

मग त्यानं एकदम फोन उचलला.

"फोनवरून तर पोचतं! सोळाही पत्रं आत्ता इथूनच पाठवतो. तारखा घालून."

"पाठव. पोचतील."

"हो ना?"

"सतराव्याच्या मागून पोचतील."

फोन धरलेला हात हळूहळू खाली आला. बाहेर कुणी तरी मठाच्या गायीला हाकारत होतं. ती गाय गोठ्यात जायला तयार नव्हती.

"अप्पा," तो अगदी हळू म्हणाला. "ते सतरावं... ते परत आणता येत नाही का? काही तरी असेल. तुम्ही बत्तीस वर्षं यात काढलीत. तिनं वाचलं तर वाचलं, पण तिथून ते परत... काही तरी करा, अप्पा."

अप्पांनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी त्याच्या मांडीवर ठेवला.

"जे पोचत नाही, तेच परत येतं रे."