बेडकुलीचं निळं फूल

सकाळचे बरोब्बर साडेसात वाजले. रस्त्यावरून एसटी गेली. पों पों!

बांधावरची बेडकुली जागी झाली. तिनं रानजवसाच्या रोपाकडे पाहिलं.

अगं बाई! रोपानं तर मान टाकलेली. आज त्याचं पहिलं निळं फूल उघडणार होतं. कळी मिटलेलीच!

"बेडकुली, माझे पाय बुडाले गं," रोप हळूच म्हणालं.

बेडकुली त्याला रोज पाणी घालायची. काल तर खूपच घातलं. डुबुक डुबुक! मला पाणी आवडतं, त्यालाही आवडेल, असं तिला वाटलं. आता रोपाभोवती डबकं झालं. पाण्याला वाट हवी. चर कोण काढणार?

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक! खेकड्याकडे आली.

"खेकडेदादा, खेकडेदादा, चर काढ ना.
पाणी जाईना,
रोप मान वर करीना!"

खेकडा म्हणाला, "चर कसला काढतो! म्हैस बसलीय माझ्या बिळावर. पोरं आत, मी बाहेर! आधी म्हशीला उठव."

टुणुक टुणुक! म्हशीकडे आली.

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना.
खेकडा चर काढीना,
पाणी जाईना,
रोप मान वर करीना!"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठायची जा! पाठीवर गोचीड बसलीय. कशी डसतेय मेली! चिखलात बसलं की जरा बरं वाटतं. आधी बगळ्याला आण. तो टिपेल."

टुणुक टुणुक! बगळ्याकडे आली.

"बगळेबुवा, बगळेबुवा, चल ना.
म्हैस उठेना,
खेकडा चर काढीना,
पाणी जाईना,
रोप मान वर करीना!"

बगळा म्हणाला, "कसा येऊ? पायात पतंगाचा मांजा गुंतलाय. आधी शेतातल्या शेवंताला सांग. ती सोडवेल."

शेवंता बाभळीखाली बसली होती. मांडीवर तिची तान्ही मैनी. ट्यँऽऽ ट्यँऽऽ!

टुणुक टुणुक! बेडकुली शेवंताकडे आली.

"शेवंताताई, शेवंताताई, मांजा सोड ना.
बगळा येईना,
म्हैस उठेना,
खेकडा चर काढीना,
पाणी जाईना,
रोप मान वर करीना!"

शेवंता म्हणाली, "हात कुठे मोकळा आहे गं? सकाळपासून हिचं हे असं. पोट दुखतंय की दात येतायत, काही कळेना. जीव नुसता टांगणीला! आधी मैनीला हसव."

टुणुक! बेडकुली मैनीच्या समोर बसली.

"मैनीबाई, मैनीबाई, हस ना.
शेवंता मांजा सोडीना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
खेकडा चर काढीना,
पाणी जाईना,
रोप मान वर करीना!"

मैनी आणखी मोठ्यानं रडली. ट्यँऽऽऽ!

आता कुणाकडे जायचं? बेडकुलीलाच रडू आलं. तिचा गळा भरून आला. गळा फुगला. फुगला, फुगला, फुग्याएवढा झाला. आणि...

डराँव!

मैनी गप्प. टकामका बघायला लागली.

गळा पुन्हा फुगला. डराँव!

खुदुक! मैनी हसली. खुदुक खुदुक!

"हसली गं बाई माझी!" शेवंताचा जीव भांड्यात पडला.

मैनी हसली, शेवंतानं मांजा सोडला.
मांजा सुटला, बगळा आला. फडफड फडफड!
बगळ्यानं गोचीड टिपली. टिक!
म्हैस उठली. धबाक् धबाक्!
खेकड्याची पोरं बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु!
खेकड्यानं चर काढला. खुर्र खुर्र!
पाणी गेलं. खळखळ खळखळ!

आणि रोप? रोप हललंच नाही.

बेडकुली त्याच्याजवळ बसून राहिली. ऊन आलं. तिला वाटलं, घालावं का थोडं पाणी? ती ओंजळ भरायला गेली. मग थांबली. "नको बाई!"

रात्र झाली. गाई गाई.

सकाळचे साडेसात वाजले. एसटी गेली. पों पों!

बेडकुलीनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

रोपाची मान वर! आणि वर डुलतंय निळं निळं फूल!

"हुश्श!" बेडकुली म्हणाली. आणि उडी मारली. टुणुक!

आता ती आधी मातीला हात लावून बघते. माती कोरडी असली तरच पाणी. तेही इवलंसं.

तुमच्या शेजारी कुणी रोप लावलंय का? मग त्यांनाही एवढं सांगा हं. बेडकुलीनं सांगितलंय म्हणा.

डराँव!