अठ्ठ्याण्णव हात

"शंभर हातांचा माझा भाऊ तुम्हाला दिसला कसा नाही?" भिवाने टेम्पोवाल्या म्हशीला विचारले. म्हैस नुसती रवंथ करत राहिली.

प्राणी नुकतेच शहरात येऊन सायकली चालवू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. थोरला केरबा आणि धाकटा भिवा हे गोमेचे मुलगे. चौकात उजवीकडे वळताना केरबा टेम्पोखाली गेला. तेराव्याचे जेवण अर्धे टाकून भिवा उठला आणि त्याने लहानमोठ्या गोगलगाईंसाठी सायकलची शाळा काढली.

"वळण्याआधी मागे बघा, मग हात दाखवा," तो म्हणाला.

"मास्तर, आम्हाला हात कुठे आहेत?"

"मग शिंग दाखवा. पण एकच, आणि सरळ. दादाने पन्नास हात एकदम हलवले होते."

"म्हशीला वाटले असेल, टाटा करतोय," म्हातारी गोगलगाय हळूच म्हणाली. भिवाने तिचे वाकडे शिंग सरळ केले.

परीक्षेच्या दिवशी त्याच चौकात गोगलगाईंनी उजवे शिंग दाखवले. टेम्पो दिसताच घाबरून सगळी शिंगे आत गेली. भिवाने सायकल टाकली, टेम्पोसमोर धाव घेतली आणि उभे राहण्यापुरते दोन ठेवून बाकीचे अठ्ठ्याण्णव हात वर केले. म्हशीने रवंथ थांबवून ब्रेक दाबला.

शेवटची गोगलगाय वळून जाईपर्यंत त्याने एकही हात खाली घेतला नाही.